दम्याची खाट

"कण्हायचं, पण बेतानं," शिर्के सिस्टर सांगत होत्या. "मॅडम खाटेपाशी आल्या की दोनदा धाप टाकायची, एकदा आई गं म्हणायचं आणि डोळे मिटायचे. त्याच्या वर काही करायचं नाही, आत्याबाई."

माझ्या सासूबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. लुगड्यावरून चढवलेला दवाखान्याचा हिरवा झगा, हाताला चिकटपट्टीनं नुसतीच चिकटवलेली सलाइनची नळी आणि तोंडावर नाराजी.

"बेतानं मला जमत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन मला दमाच का दिलासा? त्या गोदाक्काला काळजाचं दुखणं, आन मला निस्ता दमा. काळजाचं मला द्या की."

काळजाचं वाटून झालं, असं म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. समोरच्या खाटेवरची गोदाक्का तोंडाला पदर लावून हसली आणि तिच्या पाठोपाठ सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, मला सातवा महिना होता, आणि सकाळपासून भीतीनं माझे कान बाहेरच्या गाडीकडे लागले होते.

गोष्ट जुनी आहे. आमच्या सावळचा सरकारी दवाखाना तेव्हा नुकताच स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. सरकारनं थोड्या ठिकाणी एक प्रयोग करून पाहिला होता, त्यात आमचा नंबर लागला. पगार आणि औषधं सरकारची, कारभार मात्र खोऱ्याचा. गावोगावच्या लोकांनी मतं टाकून एक मंडळ निवडायचं, आणि डॉक्टर कोण आणायचा, यंत्र कोणतं घ्यायचं, कोणता वॉर्ड चालवायचा, हे त्या मंडळानं ठरवायचं. पूर्वी साधा बल्ब गेला तरी जिल्ह्याहून मंजुरी येईपर्यंत अंधारात बसावं लागे. मंडळ आल्यापासून भिंतींना रंग लागला, बाळंतपणाचा वॉर्ड सुरू झाला, आणि ज्याला घाट उतरेपर्यंत दम निघणार नाही त्याचं औषध इथंच ठेवायचं, असा ठरावच मंडळानं केला. पण त्या स्वातंत्र्याला एक अट होती. अधूनमधून वरून तपासणी व्हायची. खाटा रिकाम्या दिसल्या तर मंडळ बरखास्त आणि बाळंतपणाचा वॉर्ड जिल्ह्याला.

जिल्हा गव्हाळीच्या घाटापलीकडे. त्या घाटात माझं पहिलं मूल गेलं. तेव्हा मंडळ नव्हतं, दवाखान्याला कुलूप होतं, म्हणून जीप तशीच पुढे नेली आणि देवळाच्या वळणावर मी बाळंत झाले. मूल रडलं नाही. आत्याबाईंनी त्याला पदरात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. एरवी घरात मांजर दुधाला शिवलं तरी आभाळ डोक्यावर घेणारी बाई, पण जिल्ह्यापर्यंत त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढे घरात त्या दिवसाचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मात्र मला रोज रात्री तेच वळण दिसायला लागलं.

आणि तपासणी आली ती नेमकी भातकापणीत. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही. म्हणजे पडतात सगळेच, पण अंगावर काढतात. कापणी-मळणी उरकली की मग दवाखान्यात ही गर्दी, खाली सतरंज्या टाकाव्या लागतात. हे वरच्या लोकांना कोण सांगणार? मंडळाचे अध्यक्ष मोकाशी तात्या एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. रिकामी गाडी सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टेम्पो फिरवला, शेतात ज्यांचा फारसा उपयोग नाही अशा म्हाताऱ्या गोळा केल्या आणि आरक्षण करावं तशा खाटा वाटल्या. खिडकीजवळची कोणाला, दाराजवळची कोणाला, यावरून दोघींचं भांडणही झालं.

डॉक्टर वेल्हाळांना हे पसंत नव्हतं. तरुण माणूस, नियमाचा. पण तात्यांनी त्यांना गळ घातली. म्हणाले, ह्या बाया कापणी झाल्यावर येणारच आहेत, आपण जरा लवकर बोलावल्यात, एवढंच. डॉक्टर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आमच्या खोऱ्यात त्याचा अर्थ हो असाच होतो.

तात्यांना खरं तर मी हवी होते. पोट दिसतंय, सोंग वठवायची गरज नाही, बाळंतपणाच्या वॉर्डात नुसतं पडून राहायचं, असं सांगायला ते आमच्या घरी आले होते. आत्याबाईंनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"पोटुशीनं दुखण्याचं सोंग आणू नाही. खरं हुतं," त्या म्हणाल्या. "तिच्या जागी मी पडते. बायांच्या वार्डात टाका मला कुठंबी."

म्हणून त्या माझ्या जागी आल्या होत्या, आणि म्हणूनच मला भीती वाटत होती. आणलेलं सोंग खरं ठरतं म्हणे. मग ते माझ्यावरून टळून कोणावर जाणार, हा विचार माझ्या डोक्यातून निघत नव्हता.

गाडीचा आवाज आला आणि वॉर्डातली कुजबूज बंद झाली. सिस्टरनी एकीच्या तोंडातली मिश्री घाईघाईनं थुंकायला लावली. मोडक्या चाकाचं स्ट्रेचर शिपायानं आधीच कोठीमागे नेऊन ताडपत्रीखाली लपवलं होतं, कारण नवं अजून आलं नव्हतं आणि जुनं दाखवण्यासारखं नव्हतं. मी उठून पुन्हा बसले.

मला वाटलं होतं, कोणी तरी दरडावणारा मोठा साहेब येईल. आल्या त्या डॉक्टर इनामदार म्हणून एक किडकिडीत बाई, पांढरी साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. चहा नको म्हणाल्या. हारही नको म्हणाल्या. हळू आवाजात बोलत होत्या, आणि त्यामुळे जास्तच धडकी भरत होती. आल्या-आल्या त्या पहिल्या खाटेकडे गेल्या आणि त्यांनी पेशंटच्या कपाळाला हात लावून पाहिला. तात्यांचा चेहरा उतरला. लांबून बघून, मान डोलावून जातील, या हिशेबानं त्यांनी सगळं बसवलं होतं. हात लावणारं माणूस येईल, हे कोणी धरलंच नव्हतं.

मॅडम एकेक खाट पुढे सरकत होत्या. डॉक्टर वेल्हाळ दुखण्याचं नाव सांगत, त्यांचा आवाज कागद फाटावा तसा येत होता. टायफॉइडवाल्या म्हातारीचं अंग मॅडमनी चाचपलं. गार होतं. गोदाक्काची नाडी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. गोदाक्कानं घाबरून डोळे गच्च मिटले. मॅडम पुढे सरकल्या. यांना कळलंय, असं माझं मन मला सांगत होतं. यांना सगळं कळलंय आणि सगळ्या खाटा बघून झाल्यावर त्या बोलणार आहेत.

आमची खाट खिडकीजवळ, ओळीत शेवटची. मॅडम अर्ध्या वॉर्डात होत्या तेव्हाच आत्याबाईंनी सुरुवात केली. धाप काय, आई गं काय, देवाचा धावा काय. सिस्टर डोळ्यांनी खुणावत होत्या, पण ऐकतंय कोण. चादरीखाली बायांचे खांदे हलायला लागले. मी आत्याबाईंचा हात दाबला आणि जरा हळू घ्या म्हणून विनवलं. त्यांनी माझा हात झिडकारला.

आणि मग त्या थांबल्या.

आधी मला बरंच वाटलं. एकदाचं ऐकलं म्हणायचं, असं मनात येतंय तोवर मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. चेहऱ्याचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता. एका हातानं त्यांनी खाटेची लोखंडी पट्टी धरली होती, आणि बोटं पांढरी पडली होती.

"आत्याबाई, काय होतंय?" मी वाकून विचारलं.

त्यांनी मान हलवली. ओठ हलले, ते वाचायला मला आणखी वाकावं लागलं.

"गप ऱ्हा. मॅडम जाऊ दे."

त्यांना काटा बोचला तर गल्ली गोळा व्हायची. पण मागच्या सुगीत विळ्यानं पाऊल फाटलं तेव्हा त्या फडकं बांधून, एक शब्द न बोलता, बांधाबांधानं घरी आल्या होत्या, आणि अंगणात रक्ताचे ठसे बघून मला कळलं होतं. आणि त्या जीपमध्ये. खरं दुखलं की ही बाई गप्प व्हायची. वॉर्डात हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना वाटत होतं, चला, आत्याबाई शहाण्यासारख्या पडून राहिल्या.

मी काय सांगणार होते? ह्या खरंच आजारी आहेत, असं? मग बाकीच्या कोण आहेत, हा प्रश्न आलाच असता. तात्या दारात उभे होते, हात जोडल्यासारखे. पोटात बाळ फिरलं आणि मला तो घाट दिसला, ते वळण, आत्याबाईंच्या पदरातलं ते निपचित गाठोडं. मी बोलले तर वॉर्ड जाणार, आणि आणखी दोन महिन्यांनी मी पुन्हा त्याच जीपमध्ये. नाही बोलले तर ही बाई माझ्या डोळ्यांसमोर जाणार. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटत होतं की हे सोंगच असू दे, देवा, त्यांनी मला फसवलेलंच असू दे.

मॅडम आमच्या खाटेशी आल्या.

"ही दम्याची," डॉक्टर वेल्हाळ म्हणाले. "आता आराम आहे."

"आराम?" मॅडमनी चष्मा लावला. आत्याबाईंच्या छातीला स्टेथोस्कोप लावून त्या ऐकत राहिल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. "अहो, या घामानं भिजल्यात. श्वास बघा कसा चाललाय. सिस्टर, दम्याचं इंजेक्शन भरा. शिरेतून द्यायचं. लगेच."

सिस्टरनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आत्याबाईंकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं की हे खरं की खोटं, हे त्यांनाही उमगत नव्हतं. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागेल. मॅडमनी कशाची वाट बघताय म्हणून विचारलं. सिस्टरनी इंजेक्शन भरलं. मॅडमनी सलाइनची नळी बघायला चिकटपट्टी उचलली, तर खाली सुईच नव्हती. नळी नुसती चिकटवलेली. मॅडम नळीकडे बघत राहिल्या, आणि सिस्टर इंजेक्शन घेऊन दुसऱ्या हाताची शीर शोधायला लागल्या.

मी सिस्टरचं मनगट धरलं.

"दमा नाही यांना," मी म्हणाले. "कधीच नव्हता. आज दमा म्हणून नुसतं झोपवलं होतं. सकाळचं सोंग होतं, मॅडम, पण हे सोंग नाही. या कण्हायच्या थांबल्यात. या अशा थांबत नाहीत."

मॅडमनी मला विचारलं, झोपवलं म्हणजे काय, कोणी झोपवलं. दारातून तात्या माझं नाव घेऊन काही तरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच बसला.

मग डॉक्टर वेल्हाळ बोलले. "मॅडम, ही बाई सकाळी निरोगी म्हणून आली. तपासल्याशिवाय मी तिला दमा लिहिला. हे हृदयाचं असू शकतं. ईसीजी काढला पाहिजे." एवढ्या वाक्यांत त्यांनी आपली नोकरी पणाला लावली, आणि त्यानंतर त्यांचा आवाज फाटका राहिला नाही.

ईसीजीचं यंत्र व्हरांड्याच्या पार टोकाला. मॅडमनी स्ट्रेचर मागितलं. स्ट्रेचर कोठीमागे, ताडपत्रीखाली, चाक मोडलेलं. ते सांगताना शिपायाची बोबडी वळली. पेशंटनं पाऊलही टाकता कामा नये, असं मॅडम ओरडून म्हणाल्या.

तेव्हा गोदाक्का उठली. काळजाचं दुखणं असलेली गोदाक्का टुणकन खाटेवरून उतरली, तिनं झग्याचं टोक कमरेला खोचलं आणि म्हणाली, "खाटच उचला गं."

सगळा वॉर्ड उठला. टायफॉइडवाली उठली, कावीळवाली उठली. पायाला प्लास्टर घातलेली एक होती, तिनं ते दोन झटक्यांत काढून फेकलं. पक्षाघातवाल्या म्हातारीला उठायला उशीर झाला, पण ती दाराकडे धावली आणि दोन्ही दारं उघडून कसं वळवायचं ते सांगत उभी राहिली. भाताचे भारे उचललेल्या बाया त्या. त्यांनी आत्याबाईंसकट ती लोखंडी खाट उचलली आणि भरल्या हंड्यातलं पाणी हलू नये तशी व्हरांड्यातून नेली. मॅडम क्षणभर भिंतीला लागून उभ्या राहिल्या. दुखण्यातून उठलेला अख्खा वॉर्ड त्यांच्या अंगावरून गेला. मग त्याही मागं धावल्या.

ईसीजीवर सगळं आलं. मोठा झटका होता. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आत्ताच्या आत्ता लागणार, असं मॅडम डॉक्टरांना म्हणाल्या, आणि ते इथं कुठलं असणार, असं म्हणून त्यांनी आपल्या ड्रायव्हरला गाडी लावायला सांगितली. जिल्ह्याला न्यायचं. घाटातून. मी भिंतीला धरून खाली बसले.

"ते इंजेक्शन इथं आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "फ्रिजमध्ये. मंडळानं ठरावच केलाय."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग दार बंद झालं.

बाहेर आम्ही बसलो. हिरवे झगे घातलेल्या बाया व्हरांड्यात भिंतीला टेकून ओळीनं, कोणाच्या अंगावरचा झगा उतरवायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी देवाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. सोंग माझं होतं, त्यांनी ते अंगावर घेतलं, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. तात्या माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरले होते.

"तू बोललीस ते बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "पण दवाखाना गेला आपला."

मी मान हलवली. दवाखाना गेला हे मला कळत होतं. दारामागून आत्याबाईंचा आवाज येत नाही, एवढंच मला ऐकू येत होतं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात ऊन शिरलं होतं. वाचतील असं दिसतंय, असं त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग त्या बायांकडे वळल्या. तुमच्यापैकी खरोखर आजारी कोण आहे, असं त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा हळू झाला होता.

कोणी वर बघेना. शेवटी पक्षाघातवाली म्हातारी म्हणाली, "लकवा न्हाई मला. पर डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, दोन वर्सं झाली."

मग एकेक बोलायला लागली. एकीच्या छातीत गाठ होती, तिनं ती कोणाला दाखवली नव्हती. एकीचं अंग बाहेर येत होतं, त्यामुळे तिला धड बसता येत नव्हतं. गोदाक्काला संध्याकाळी ताप चढायचा आणि खोकल्यातून रक्त पडायचं. हे ऐकून तिच्या शेजारची बाई तिच्याकडे बघतच राहिली, दोघी एका आळीतल्या. एवढी दुखणी असून सकाळपासून खोटी दुखणी कशाला सांगत होतात, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा गोदाक्का म्हणाली, "आमाला दिली ती सांगितली, बाई. आमची कुणी इचारलीच न्हाईत. कापणी झाली की येणारच हुतो."

मॅडमनी बाह्या सारल्या आणि डॉक्टर वेल्हाळांना म्हणाल्या, चला, पहिल्या खाटेपासून. अंधार पडेपर्यंत त्या बाया तपासत होत्या. खोट्याबद्दल त्यांनी कोणाला सोडलं नाही. तात्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं, डॉक्टरांना कडक समज मिळाली, आणि पुढचं वर्षभर मंडळाच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली. पण वॉर्ड राहिला. घाटापलीकडे नेली असती तर ही बाई वाचली नसती, असं मॅडमनी वर कळवल्याचं आम्हाला नंतर समजलं.

दोन दिवसांनी आत्याबाई उशाला टेकून पेज पीत होत्या. आवाज बारीक झाला होता, पण पेजेत मीठ नाही ही तक्रार करण्याइतका होता. मी त्यांना विचारलं, कधीपासून दुखत होतं.

"त्या दिशी पहाटं, झुंजुरकापासनं," त्या म्हणाल्या. "हात भरून आलावता. छातीवर पाटा ठेवल्यावानी."

"आणि तुम्ही तशाच आलात? कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं न्हाई कसं? काळजाचं मला द्या म्हनलं न्हवतं? शिर्केबाईनं दमा दिला." त्या जराशा हसल्या, आणि दुखलं म्हणून थांबल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सगळ्या खोट्या निजणार हुत्या, शैले. म्हनलं, एक तरी खरी असू दे. तेवढाच आधार. तुला त्या घाटात पुन्हा न्यायची न्हाई, येवढंच माझ्या डोक्यात."

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?"

"तर काय? खाट भरलेलीच दिसली असती की."

त्यांना चिडून बोलावं की पाया पडावं, ते मला समजेना. मी पेजेत मीठ घालून आणलं.

दिवस भरल्यावर मला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. दवाखाना पायी जाण्यासारखा, तरी आत्याबाईंनी अख्खी आळी गोळा केली. रस्ताभर त्यांचं तोंड चालू होतं. ह्याला हाक मार, त्याला बाजूला कर, चप्पल बघून टाक. जीव सांभाळा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं, पण त्या कोणाचं ऐकणार? मला आत नेलं, दार लागलं, आणि मी ओरडायला लागले. इतकं ओरडले की घसा बसला. भीती होतीच. तेच वळण, तेच गाठोडं, प्रत्येक कळेसरशी.

आणि दोन कळांमध्ये उसंत मिळाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाहेर काही आवाज नाही. इतका वेळ दारापलीकडून सूचना येत होत्या, त्या बंद झाल्या होत्या.

"सिस्टर," मी म्हणाले, "माझं राहू द्या. आधी बाहेर आत्याबाईंना बघा. त्या गप्प झाल्यात."

शिर्के सिस्टर हातातलं तसंच टाकून धावल्या. मी टेबलाची पट्टी धरून पडले होते, आणि पोटातल्या बाळापेक्षा मला त्या दाराची भीती वाटत होती. सिस्टर लगेच परत आल्या.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "नाडी बघितली, ठीक आहे. बाकावर बसल्यात. पदर हातात धरून." मग माझ्या कपाळावरचा घाम पुसत हळूच म्हणाल्या, "नुसत्या घाबरल्यात हो."

इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. जीपमध्येही त्या घाबरल्याच होत्या. मला वाटायचं, घाबरणारी मी एकटीच.

पुढची कळ आली ती बाळाला घेऊनच. मुलगी झाली. क्षणभर काहीच आवाज नव्हता, आणि मग ती रडली, चांगली खणखणीत.

दारापलीकडे काही तरी आपटलं. बहुधा बाक. आणि मग आत्याबाईंचा आवाज आला, अगदी पहिल्यासारखा, व्हरांडा हादरवणारा. गरम पाणी कुठं मेलं, दार का उघडत न्हाईत, पोरगीला उघडी ठिवलीया का काय, आन शिर्केबाई, तुमी झोपलाय का? त्या थांबेचनात. मी डोळे मिटून ते ओरडणं ऐकत पडून राहिले, आणि कितीतरी महिन्यांनी मला कशाचीच भीती वाटत नव्हती.